‘चालेल’ म्हणणाऱ्याची बाटली

त्याच्या दुकानात दिवसभर एकच प्रश्न विचारला जायचा: "पहिली की दुसरी?"

गिऱ्हाईक उंच खुर्चीत बसलेलं, नाकावर तपासणीची ती जड गोल चौकट, समोर अक्षरांचा तक्ता, आणि हा बाजूला वाकून एक काच काढतोय, दुसरी घालतोय. "नीट बघा हं. ही पहिली... आणि ही दुसरी. कुठली बरी?" तेहेतीस वर्षं चष्म्याचे नंबर काढण्यात गेली. एवढ्या वर्षांत लाखभर वेळा तरी त्यानं लोकांना त्यांची आवड विचारली असेल. आणि याला कुणी काही विचारलं की याचं उत्तर ठरलेलं: "चालेल."

चहा की कॉफी? चालेल. अहो, दोन्हींपैकी काय? कुठलंही चालेल. निळा शर्ट की करडा? चालेल. खिडकीपाशी बसतोस की दाराशी? बसतो की, कुठंही चालेल. पुतणे त्याला तोंडावर ‘चालेलकाका’ म्हणायचे, आणि तेही त्याला चालायचं. माणूस अगदी भला हो, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण अशा भल्या माणसाबरोबर संसार करून बघा, म्हणजे कळेल.

त्याची बायको तो संसार करत होती. ती बसडेपोत वेळापत्रक लावायची. कुठला ड्रायव्हर कुठल्या गाडीवर, कुणाला सुट्टी, कुणाची पाळी बदलायची, असं चारशे माणसांचं रोज ठरवायचं आणि त्यांच्या शिव्या खायच्या. घरी आली की भाजी कुठली, पडदे कुठले, सुट्टीत जायचं कुठे, हेही तिनंच ठरवायचं. बाई मुळात हुशार आणि बोलकी. लग्नाच्या आधी ती त्याच्याकडे डोळे तपासायला आली होती, तो किस्सा ती चारचौघांत अगदी रंगवून सांगायची. "माझे डोळे म्हणजे साधंसुधं काम नाही हं! बाकीच्यांचा नंबर पंधरा मिनिटांत निघतो. माझ्यासाठी याला जवळजवळ तास लागला, तास! शेवटी घामाघूम झाला बिचारा." तिच्या धाकट्या बहिणीला हा किस्सा पाठ झाला होता. तो सांगायला सुरुवात झाली की हा आपला चष्मा काढून पुसत बसायचा.

तर एका रविवारी सकाळी, न्याहारीच्या टेबलावर, बायकोनं विचारलं, "पुढच्या महिन्यात आपल्या लग्नाला तीस वर्षं होतायत. काय करायचं?"

"तू म्हणशील ते," तो पावाला लोणी लावत म्हणाला. "काहीही चालेल."

तिनं सुरी खाली ठेवली. जरा जोरातच ठेवली.

"मग ऐक. मला साडी नको, दागिना नको, बाहेर जेवायला जायचं नाही. मला रेड वाइनची एक बाटली हवी. तू आणायची. मला आवडेल ती नाही, तुला आवडते ती. आणि कुठली घेऊ म्हणून कुणाला विचारायचं नाही. मलाही नाही, दुकानदारालाही नाही."

"वाइन? आपण कुठे पितो वाइन?"

"म्हणूनच! त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. म्हणजे माझ्या तोंडाकडे बघून तुला काही उपयोग नाही."

तो हसला. ती हसली नाही.

"बसस्टॉपवर मी तुला विचारलं होतं, लग्न करायचं का म्हणून. आठवतंय? मी विचारलं होतं, मी! आणि तू काय म्हणालास? ‘चालेल.’ तीस वर्षं झाली रे. ते ‘हो’ होतं की नुसतंच ‘चालेल’ होतं, मला अजून कळलेलं नाही." तिचा आवाज जरासा चिरकला, मग ती उठून भांडी विसळायला गेली. रविवारी भांडी त्याच्याकडे असायची. ती विसळायला गेली यावरून काय ते त्यानं ओळखलं.

पाव तसाच ताटलीत राहिला.

* * *

शनिवारी तो दुपारी दोनला दुकान बंद करायचा. दोन गल्ल्या सोडून वाइनचं एक दुकान होतं. अरुंद, लांबलचक, आत गार, आणि दोन्ही बाजूंनी छतापर्यंत बाटल्या. मालकीणबाई पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे दुकान काढलं होतं, पण आवाज अजून वर्गातलाच होता. त्यानं मनातल्या मनात त्यांचं नाव ‘मास्तरीणबाई’ ठेवून टाकलं.

"काय हवंय?"

"मला विचारायचं काही नाहीये," तो घाईघाईनं म्हणाला. "विचारायची बंदी आहे. मला फक्त चाखून बघायचंय, मला काय आवडतं ते."

मास्तरीणबाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. त्या चष्म्याची उजवी काडी सैल झाली होती, ते त्याच्या आधी लक्षात आलं. "उत्तम," त्या म्हणाल्या. "नाहीतर लोक येतात ते दुसऱ्याला काय आवडतं ते विचारतात. बसा."

त्यांनी दोन ग्लासांत घोटघोटभर वाइन ओतली. हा लगेच आपल्या धंद्याच्या सवयीवर गेला. पहिली... आणि दुसरी. पहिली गार आणि कडू लागली. दुसरी गार आणि कडू लागली. तिसरी आणि चौथीही तशीच. खोकल्याचं औषध चार वेगवेगळ्या बाटल्यांत भरलंय की काय, असं त्याला वाटलं. पण चेहरा मात्र उजळला. कारण त्याच्या धंद्यात असं असतं, की शेवटी गिऱ्हाईक "आता दोन्ही सारख्याच दिसतायत" असं म्हणालं की समजायचं, नंबर निघाला. काम फत्ते.

"झालं!" तो म्हणाला. "यातली कुठलीही द्या. सगळ्या सारख्याच आहेत."

"सारख्या?" मास्तरीणबाईंच्या भुवया वर गेल्या. "चारही? जरा तोंड उघडा. काय आहे तोंडात?"

"गोळी आहे. पेपरमिंटची."

आता यात त्याची काय चूक? नंबर काढायचा म्हणजे माणसाच्या नाकाला नाक लावून उभं राहावं लागतं. तेहेतीस वर्षं सकाळी नऊपासून याच्या गालफडात पेपरमिंटची गोळी असायची. एक विरघळली की दुसरी. तोंडात काही आहे हेच तो विसरून गेला होता. मास्तरीणबाईंनी टेबलाखालची कचऱ्याची टोपली उचलली आणि त्याच्या हनुवटीखाली धरली.

"थुंका. आणि घरी जा. आज तुमची जीभ कामातून गेलेली आहे. पुढच्या शनिवारी या, आणि सकाळपासून एकही गोळी खायची नाही."

अठ्ठावन्न वर्षांचा गृहस्थ, पण मुकाट्यानं थुंकला.

* * *

पुढचा शनिवार दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या चांगलाच लक्षात राहिला असणार. चष्मेवाले त्या दिवशी श्वास रोखून काचा बदलत होते, आणि "पहिली की दुसरी?" विचारायला दर वेळी खिडकीकडे तोंड करत होते.

पण दुपारी काय गंमत झाली! पहिला घोट घेतला आणि तो चमकलाच. चव होती की तिला! मग दुसरी चाखली, तर तिची चव वेगळी. पिनो न्वार नावाची होती ती पातळ, हलकी, थोडी आंबूस. मर्लो मऊ, गोडसर, कुणाशी भांडण नसलेली. शिराझ गिळल्यावर मागून मिरपुडीसारखी झोंबायची. त्यानं खिशातून दुकानातली नंबराची कार्डं काढली आणि हौसेनं लिहायला लागला. उजव्या डोळ्याच्या रकान्यात पहिली बाटली, डाव्या डोळ्याच्या रकान्यात दुसरी. आंबटपणा अधिक पाऊण, तुरटपणा उणे अर्धा.

त्यातलं एक कार्ड चुकून एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या चष्म्याच्या डबीत गेलं. ते सोमवारी धापा टाकत हजर. "अहो, माझा डावा डोळा ‘जरा आंबट, चव रेंगाळते’ म्हणजे काय? ऑपरेशन सांगताय की काय?" त्यांना समजावता समजावता त्याच्या नाकी नऊ आले.

असो. त्या शनिवारचं राहिलंच. सगळ्यांत शेवटी मास्तरीणबाईंनी पाठमोऱ्या होऊन दोन ग्लास भरले आणि समोर ठेवले. "कुठली बरी?"

त्यानं पहिला घोट घेतला. दुसरा घेतला. डोळे मिटून बराच विचार केला. "दुसरी."

"का?"

"जरा... मोकळी वाटते."

मास्तरीणबाईंनी बाटली वर केली. एकच बाटली होती. "दोन्ही ग्लासांत हीच आहे. शाळेत मी मुलांना असंच पकडायची. उत्तर पोटातून येतंय की मला खूश करायला, ते बरोबर कळतं."

त्याचे कान लाल झाले. अगदी मानेपर्यंत लाल झाले. चोरी पकडली गेल्यासारखा तो चष्मा काढून पुसायला लागला. आणि मग त्यानं भलतंच काहीतरी विचारलं. "ही युक्ती नंतर कुणाला कळली, तर लोक रागावतात का हो?"

"कशासाठी केली होती, त्यावर आहे," त्या म्हणाल्या. मग बाटलीला बूच लावता लावता त्याच्याकडे जरा निरखून बघितलं, पण पुढे काही विचारलं नाही.

* * *

तिसऱ्या शनिवारी तो आला तोच पडलेल्या चेहऱ्यानं. "बाई, मला मर्लो चालते. शिराझही चालते. खरं सांगायचं तर पिनोही..."

"चालते म्हणू नका हो! कान किटले माझे. बरं, वाइन राहू दे. चहा कसा घेता तुम्ही?"

"बायको देते तसा. ती घड्याळ लावून दोन मिनिटांनी टी-बॅगची पुडी बाहेर काढते. मस्त हलका असतो."

"आणि दुकानात? तिथे कोण देतं?"

"तिथे मीच करतो. सकाळी कपात पुडी टाकतो, तेवढ्यात कुणीतरी येतं. मग नंबर, मग काड्या पिळणं, मग तासाभरानं आठवण येते. तोवर गार झालेला असतो, शाईसारखा काळा, आणि तुरट तर असा की जीभ टाळ्याला चिकटावी."

"मग ओतून देता?"

"छे! पितो की."

"का?"

‘चालतो म्हणून’ असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. कारण ते खोटं होतं. ओतून नवा करायला लागतात दोन मिनिटं, दुकानात किटली होती, पुड्या होत्या. इतकी वर्षं तो रोज तो काळाकुट्ट, गार, तुरट चहा शेवटच्या थेंबापर्यंत पीत होता, आणि कप विसळताना त्याला बरं वाटत होतं. अक्रोडसुद्धा तो साल न काढता खायचा. बायको साल सोलून देते, म्हणून एकटा असताना खायचा.

"अरेच्चा!" तो म्हणाला. "मला आवडतो तो!"

"शाबास," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि खालच्या फळीवरून एक बाटली काढली. "ही कॅबरने. पुष्कळांना पहिल्या फटक्यात झेपत नाही."

त्यानं घोट घेतला. जीभ आवळली गेली, हिरड्या कोरड्या पडल्या, आणि मग मागून हळूहळू काहीतरी काळं, गडद, जांभळाच्या सालीसारखं वर आलं आणि तिथंच राहिलं. मास्तरीणबाईंनी सवयीनं मर्लोचा ग्लास पुढे सरकवला. "आणि ही दुसरी."

"दुसरी नको," तो म्हणाला.

स्वतःचाच आवाज ऐकून तो दचकला. मग त्यानं मास्तरीणबाईंचा चष्मा मागून घेतला, सैल काडीचा स्क्रू खिशातल्या बारक्या पेचकसानं घट्ट करून दिला, आणि बाटली छातीशी धरून घरी गेला.

* * *

पण जातीच्या चालेलकाकांचं सुधारणं इतकं सोपं असतं होय? लग्नाचा वाढदिवस गुरुवारी होता. बुधवारी त्याला घाम फुटला. बायकोला सगळं हलकं, मऊ आवडतं. हिला ही बाटली बिलकूल आवडणार नाही. तोंड वाकडं करेल. एवढ्या मोठ्या दिवशी तोंड वाकडं झालेलं त्याला बघवलं नसतं. तेव्हा गुरुवारी दुपारी हे महाशय गुपचूप वाइनच्या दुकानात जाऊन मर्लोची एक बाटली घेऊन आले आणि ती कॅबरनेच्याच पिशवीत ठेवली. हीच माझी आवडती म्हणून पुढे करायची. तिला आवडेल, ती खूश, हाही सुटला. कोणाला कळणार होतं?

संध्याकाळी सात वाजता बायकोनं टेबल मांडलं. पाव, चीज, भाजलेल्या भाज्या, आणि शेजारणीकडून मागून आणलेले दोन उंच ग्लास. तिनं नवा हिरवा ड्रेस घातला होता. चष्मा लखलखीत पुसला होता. आणि ती खुर्चीत ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, अगदी त्या पहिल्या दिवशी तपासणीच्या खुर्चीत बसली होती तशी. दार, टेबल, भाजी, यातलं काही तिला दिसत नव्हतं. ती फक्त त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघत होती.

त्यानं पिशवीत हात घातला. दोन बाटल्या हाताला लागल्या. पहिली की दुसरी?

त्यानं कॅबरने काढली.

बायकोनं घोट घेतला. डोळे बारीक झाले, ओठ आत गेले, खांदे कानांपर्यंत चढले. "शी! अरे, काय आहे हे? विसरलेल्या चहासारखं लागतंय!"

"नको असेल तर पिशवीत दुसरी आहे," तो लगबगीनं म्हणाला, "मला काय, कुठलीही चा..."

आणि थांबला. समोर बायकोचा चेहरा पडायला लागलेला त्याला दिसला. वाइनच्या चवीनं नव्हता पडत तो.

"नाही," तो म्हणाला. "मला हीच आवडते. दुसरी मला नको. तुला आवडली नाही तरी मला हीच आवडते. आणि तू देतेस ना तो चहा, तो मला मुळीच आवडत नाही. पाणी असतं ते."

बायको आ वासून बघत राहिली. तीस वर्षांत तिच्या एकाही गोष्टीला या माणसानं नावं ठेवली नव्हती. राग यायला हवा होता, पण तिच्या तोंडावर हसू फुटत होतं. आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर आता काय राहिलं, असं म्हणून त्यानं उरलेलंही सांगून टाकलं.

"अजून एक आहे. तुझे डोळे. ते अवघड नाहीत."

"म्हणजे?"

"अगदी साधे आहेत. उजवा उणे एक, डावा उणे सव्वा. दहा मिनिटांत नंबर निघाला होता."

"काहीतरीच काय! तास लागला होता तुला!"

"नंतर मी तीच काच काढत होतो, पुसत होतो, आणि परत तीच घालत होतो. पाऊण तास."

"अरे, पण मी उत्तरं देत होते! ‘दुसरी जरा बरी’ म्हणत होते. ‘थांबा थांबा, पहिली परत दाखवा’ म्हणत होते!"

"हो. फार विचार करून सांगत होतीस."

"पण का?"

"नंबर निघाला म्हणून सांगितलं असतं, तर तू उठून गेली असतीस."

तिनं चष्मा काढला. तो टेबलावर ठेवला. डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. तो घाबरला. मास्तरीणबाईंना विचारलं होतं तेच खरं होऊन ही आता रागावते की काय, असं त्याला वाटलं.

"आणि स्टॉपवर?" तिनं शेवटी विचारलं. "एवढं होतं मनात, तर स्टॉपवर नुसतं ‘चालेल’ का म्हणालास?"

"तोंडात गोळी होती," तो म्हणाला. "तू विचारलंस आणि ती अख्खी घशात गेली. श्वासच कोंडला माझा. जेवढा आवाज फुटला तेवढ्यात एकच शब्द निघाला."

त्यावर ती जी हसायला लागली, ती थांबेचना. रडत होती की हसत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मधेच "तीस वर्षं मी जगाला सांगत फिरले, माझे डोळे अवघड, माझे डोळे अवघड!" असं म्हणायची आणि त्याच्या दंडावर फटका मारायची. मग तिनं पिशवीतून दुसरी बाटली काढली, ती तिला आवडली, आणि त्या संध्याकाळी दोघांनी आपापल्या बाटलीतून आपापल्याला ओतून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो न्याहारीला आला, तेव्हा त्याच्या जागी कप ठेवलेला होता. पुडी आतच होती. चहाचा रंग चांगला गडद झाला होता. बायको डेपोची पिशवी खांद्याला लावून उभी होती. घड्याळाकडे तिचं लक्ष नव्हतं.

"चालेल?" तिनं विचारलं.

त्यानं एक घोट घेतला. जिभेवर नीट घोळवला. घाई केली नाही.

"नाही," तो म्हणाला. "अजून पाच मिनिटं राहू दे."

आणि बायको पिशवी खाली ठेवून, डेपोला उशीर होत असताना, ती पाच मिनिटं त्याच्यासमोर बसून राहिली.